हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि शेठ वालचंद हिराचंद

भारतातील विमाननिर्मितीचा इतिहास शोधणारा अभ्यासक सर्वप्रथम 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड' या सरकारी कंपनीपाशी येऊन पोहोचतो. कंपनीला हे नाव १ ऑक्टोबर १९६४ रोजी मिळाले. शोध तेथेच थांबविला तर हा उद्योग शासनानेच उभारला, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु नोंदणीचा धागा धरून मागे गेल्यास २३ डिसेंबर १९४० ही तारीख आणि 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड' हे मूळ नाव समोर येते. या कंपनीचे संस्थापक होते सोलापूरच्या दिगंबर जैन कुळात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद.

शेठजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे; व्यापारानिमित्त ते सोलापुरात स्थायिक झाले होते. वालचंदांनी वडिलोपार्जित व्यापाराऐवजी बांधकामाच्या ठेकेदारीत पाऊल टाकले. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीच्या 'लॉयल्टी' या जहाजाने मुंबईहून इंग्लंडकडे प्रस्थान केले, त्या साहसाच्या प्रवर्तकांत ते अग्रभागी होते. मोटारींचा कारखाना काढण्याच्या खटपटीत असताना, १९३९ च्या परदेशप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी योगायोगाने गाठ पडली. पॉली यांना चीनमध्ये विमानकारखाना चालविण्याचा अनुभव होता. तसा कारखाना भारतात का उभा राहू नये, हा विचार शेठजींच्या मनात तेव्हापासून घोळू लागला.

त्या काळी देशात विमाननिर्मितीची यंत्रसामग्री नव्हती आणि त्या कामाचे प्रशिक्षित कारागीरही नव्हते. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी मात्र या योजनेस मनापासून साहाय्य केले. बंगळूर येथे सुमारे ७०० एकर जमीन उपलब्ध झाली आणि संस्थान स्वतः कारखान्यात भागीदार झाले. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये व भरणा झालेले भांडवल ४० लाख रुपये, अशी ही सुरुवात होती. पॉली यांच्यामार्फत अमेरिकेतून यंत्रे आली आणि १९४१ मध्येच 'हार्लो पी.सी.-५' हे प्रशिक्षण-विमान बंगळूरच्या आकाशात झेपावले.

येथे इतिहासलेखकाने एक भेद जपला पाहिजे. हार्लो विमानाचा आराखडा अमेरिकन होता आणि तेथून आलेले भाग बंगळूरला जोडण्यात आले होते. त्यास संपूर्ण भारतीय विमान म्हणणे यथार्थ होणार नाही. मात्र जोडणीच्या याच कामातून भारतीय कारागिरांचे हात तयार झाले, हे श्रेय निर्विवाद आहे.

मार्च-एप्रिल १९४१ च्या सुमारास भारत सरकारही भागीदार झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपान युद्धात उतरले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून पडले. युद्धाची छाया मध्य भारतावरही होती. तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील बिरसीची धावपट्टी याच महायुद्धकाळातील आहे. अशा परिस्थितीत सरकारने कारखाना आपल्या हाती घेण्याचे ठरविले. एप्रिल १९४२ मध्ये वालचंदजी व त्यांचे सहकारी यांचे भाग सरकारने विकत घेतले. म्हैसूर संस्थानाने आपला हिस्सा कायम राखून व्यवस्थापन मात्र सरकारकडे सोपविले. स्थापनेपासून अवघ्या सोळा महिन्यांच्या आत संस्थापक कारखान्याबाहेर झाले. १९४३ पासून तेथे अमेरिकन वायुदलाच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली.

सोळा महिन्यांहूनही अल्प असलेल्या या कारकिर्दीमुळेच अनेक ग्रंथांत शेठजींचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. परंतु त्या बीजाचा पुढील विस्तार पाहावा. याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली 'एच.टी.-२' या भारतीय आराखड्याच्या प्रशिक्षण-विमानाची रचना झाली आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. १७ जून १९६१ रोजी 'मरुत' हे लढाऊ विमान झेपावले. आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळील ओझर येथे मिग विमाने तयार होऊ लागली, तीही याच कंपनीच्या छत्राखाली.

८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे निधन झाले. 'एच.टी.-२' चे उड्डाण त्यांच्या हयातीत झाले. 'मरुत' पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. आज कंपनी स्वतःच्या इतिहासात संस्थापक म्हणून त्यांचे नाव आदराने नोंदविते. हे शक्य झाले, कारण नोंदणीची तारीख, भांडवलाचे आकडे आणि भागीदारांची नावे कागदावर शिल्लक राहिली.

बपेऱ्यासारख्या गावातील संस्थांनाही यातून बोध घेण्याजोगा आहे. प्रारंभीच्या सभांची इतिवृत्ते, देणगीच्या पावत्या आणि जमाखर्चाच्या वह्या जपून ठेवल्या, तर पन्नास वर्षांनंतरही पहिली वीट कोणी ठेवली हे पुढील पिढीस खात्रीने सांगता येईल.