वाटा आणि दर्शन : साथीच्या काळातील चेन्नईची कॅथोलिक उपासना

तमिळ कॅथोलिक आपल्या धर्मग्रामाला ‘पंगु’ म्हणतात आणि तेथील धर्मगुरूला ‘पंगुत्तंदै’. मराठीतील पांगळेपणाशी या शब्दाचा संबंध नाही. त्याचा अर्थ वाटा, हिस्सा. वसईकडील ख्रिस्ती मराठीत रुळलेला ‘धर्मग्राम’ स्थळाकडे निर्देश करतो, तमिळ शब्द सहभागाकडे. २०२० मध्ये चेन्नईच्या कॅथोलिकांपुढे उभा राहिलेला पेच या एका शब्दात सामावलेला आहे : वाटा हाती येत नसेल, तर पंगु उरतो काय?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याच दिवशी रोमहून पवित्र सप्ताहासंबंधीचा आदेश निघाला : गुरुवारचा पाय धुण्याचा विधी वगळावा, गुड फ्रायडेला क्रुसाचे चुंबन विधी चालविणाऱ्याने एकट्यानेच घ्यावे. १२ एप्रिलचा ईस्टर भाविकांविना झाला. बेझंटनगरच्या वेळांकण्णी मातेच्या उत्सवाचा ध्वजारोहणाचा दिवस, २९ ऑगस्ट, आला तेव्हाही शहरातील मोठी प्रार्थनास्थळे बंदच होती. ती १ सप्टेंबरला उघडली. मधल्या महिन्यांत मिस्सा पडद्यावर दिसत होती. कम्युनियनच्या क्षणी, म्हणजे अभिमंत्रित भाकर खाण्याच्या वेळी, घरी बसलेल्यांसाठी ‘आध्यात्मिक कम्युनियन’ची प्रार्थना म्हटली जाई. तिचा प्रचलित पाठ अठराव्या शतकातील आल्फोन्सस लिगोरी यांच्या नावाने ओळखला जातो. दर्शन घडत होते, वाटा मिळत नव्हता. तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनीही १७ एप्रिलच्या प्रवचनात सांगितले की, संस्कारांविना पडद्यावर चालणारी ही अवस्था केवळ तात्पुरती आहे आणि तिलाच चर्च मानता येणार नाही.

तथापि, पाहण्याला या परंपरेत नेहमीच दुय्यम स्थान होते असे नाही. १५७६ च्या साथीत मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, त्या घरात कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्सा दिसावी म्हणून. त्या काळच्या सामान्य भाविकाला हे पुरेसे वाटले असावे. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा कम्युनियन घेण्याचा दंडक घातला होता आणि बहुतेकांच्या बाबतीत ते किमानच कमाल ठरले होते. धर्मगुरूने उंचावलेली भाकर पाहणे हाच मिस्सेचा परमोच्च क्षण होता. वारंवार, शक्य तर दररोज, कम्युनियन घेण्याची शिफारस पायस दहावे यांनी केली ती १९०५ मध्ये. चेन्नईत जाणवलेली ही भूक अशा रीतीने विसाव्या शतकाची निर्मिती आहे. तिला अनादी मानणारे विवेचन मला फसवे वाटते.

मुंबईचा दाखला वेगळा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यातून जन्मलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याचाच आधार सरकारने २०२० मध्येही घेतला. प्लेगच्या त्या वर्षांत वांद्र्याच्या गल्ल्यांतून आणि गिरगावात क्रूस उभे राहिले. त्यांच्यापुढे शेजारीपाजारी जमून लदीन गात. लदिनीला धर्मगुरू लागत नाही, वेदी लागत नाही. गल्ली हीच मंडळी. मे महिन्यात काही क्रुसांपुढे ती अजूनही ऐकू येते.

मिलानला चौक होता, मुंबईला गल्ली. चेन्नईत मात्र उपासना चर्चमधून थेट घरात गेली, मधला रस्ता कायद्याने बंद होता. हे अधिकच विलक्षण वाटते, कारण तमिळ धर्मग्रामांत गल्लीला समांतर अशी रचना आधीपासून होती. शेजारची काही कुटुंबे मिळून ‘अन्बियम्’ होते. ‘अन्बु’ म्हणजे प्रेम. आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमून ही मंडळी बायबल वाचतात, प्रार्थना करतात. पंगुतील वाटा रोजच्या व्यवहारात सांभाळणारी ही मंडळी टाळेबंदीत दाराशी थबकली. या काळाचा इतिहास लिहिताना प्रक्षेपणांचे संग्रह सहज हाती येतील, कारण ते जपले गेले आहेत. अन्बियम्‌चा इतिहास मात्र घरोघरी जाऊन, तमिळमध्ये विचारूनच मिळवावा लागेल.