परदेशस्थ स्वीडिश समाजातील लुसिया-संध्या : एका परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

डिसेंबर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लंडन, शिकागो, मिनिआपोलिस किंवा मेलबर्न येथील स्वीडिश मंडळींच्या सभागृहात ठरावीक दृश्य दिसते. दिवे मालवले जातात. दूरवरून समूहगान ऐकू येऊ लागते. शुभ्र झगा, कमरेस लाल पट्टा आणि मस्तकावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट धारण केलेली एक तरुणी संथ पावलांनी प्रवेश करते. तिच्यामागे शुभ्रवस्त्रधारी सख्या आणि उंच निमुळत्या टोप्या घातलेले 'तारकाकुमार' असतात. गीते संपल्यावर केशरी पाव, मसाल्याची पातळ बिस्किटे, कॉफी आणि 'ग्लॉग' हे दालचिनी, लवंग व वेलदोडा घातलेले गरम मद्य यांचा आस्वाद घेतला जातो. हाच लुसियाचा सण होय. पूर्वजांनी गावाकडून आणलेली परंपरा आपण जतन करीत आहोत, अशी उपस्थितांची सर्वसाधारण भावना असते. ही भावना इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

सिसिलीची संत आणि उत्तरेकडील रात्र

संत लुसिया ही मुळात सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीची. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळात, इ. स. ३०४ मध्ये, तिला हौतात्म्य आले असे परंपरा मानते. सोळाव्या शतकात ल्यूथरपंथ स्वीकारून संतपूजेस फाटा देणाऱ्या स्वीडनमध्ये या कॅथलिक संतेचा दिवस टिकून राहावा, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. त्याचे उत्तर धर्मशास्त्रात नसून पंचांगात आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ज्युलियन कालगणनेनुसार वर्षातील सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येत असे. त्या रात्री जनावरे बोलू लागतात, 'लुस्सी' नावाची दुष्ट स्त्री संचार करते, असे लोकसमज होते. स्वीडनने १७५३ मध्ये ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली आणि खगोलीय दीर्घरात्र २१-२२ डिसेंबरला आली. 'दीर्घ रात्री'चा लौकिक मात्र १३ तारखेलाच चिकटून राहिला. आपल्याकडे मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीस साजरी होते आणि उत्तरायण प्रत्यक्षात डिसेंबरातच सुरू झालेले असते. कारणे भिन्न असली तरी लोकमानस तारखेशी कसे बांधलेले असते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

शुभ्रवस्त्रा लुसियाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १७६४ ची, पश्चिम स्वीडनमधील व्हेस्टरयोटलंड प्रांतातील होर्न येथील जमीनदारवाड्यातील आहे. तेथे मुक्कामास असलेल्या एका पाहुण्यास पहाटे गाण्याने जाग आली आणि पांढऱ्या वेषातील स्त्री दिवे घेऊन समोर उभी असलेली त्याने पाहिली. पाठोपाठ न्याहारीही आली. म्हणजे हा विधी मूलतः सार्वजनिक नव्हता आणि शेतकऱ्यांचाही नव्हता. तो वाड्यातील होता, पहाटेचा होता आणि एका प्रदेशापुरता मर्यादित होता. पुढे या पश्चिमी प्रांतांतील विद्यार्थी उप्साला व लुंड येथील विद्यापीठांत गेले आणि सोबत ही प्रथा घेऊन गेले. घरापासून दूर राहणाऱ्या मंडळींनी लुसियाचा प्रसार करावा, ही गोष्ट परदेशगमनाच्या आधीपासूनची आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

१८९३ ते १९२८

आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या 'स्कान्सेन' या मोकळ्या आकाशाखालील संग्रहालयात १८९३ मध्ये लुसिया साजरी झाली. त्याच वर्षी पुण्यात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. परंतु घरातील विधी चौकात आणून त्यास राष्ट्रीय अर्थ देणे ही त्या कालखंडाची प्रवृत्ती होती, एवढे त्यावरून म्हणता येते. १९२७ मध्ये 'स्टॉकहोम्स डागब्लाड' या वृत्तपत्राने राजधानीत लुसियाची निवड व मिरवणूक घडवून आणली आणि तेव्हापासून हा सण देशभर पसरला. आज सर्वत्र गायिले जाणारे गीतही याच सुमाराचे. त्याची चाल नेपल्सची; तेओदोरो कोत्राऊ यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ गीतात संत नाही, नेपल्सच्या सांता लुसिया या किनारी वस्तीजवळील नौकाविहार आहे. आर्विद रोसेन यांनी १९२८ मध्ये या चालीवर स्वीडिश शब्द रचले आणि भूमध्य समुद्रावरील चांदणे उत्तरेच्या काळोखात उतरले.

स्थलांतरितांचा प्रश्न

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. १८५० ते १९३० या काळात सुमारे बारा लक्ष स्वीडिश माणसे अमेरिकेत गेली. १८६७-६९ च्या दुष्काळाने आणि नंतर शेतजमिनीच्या ओढीने गेलेल्या या लोकांत स्मोलांडसारख्या गरीब प्रांतांतील शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांना मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली लुसिया फारशी परिचितच नव्हती. त्यांचा खरा नाताळ म्हणजे 'युलोत्ता', नाताळच्या दिवशी पहाटे चर्चमध्ये होणारी प्रार्थना. १८६० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ऑगस्टाना धर्मसभेचे वळण भक्तिपर, साधे आणि संयमी होते. मुकुट धारण केलेल्या कॅथलिक संतेस त्यात स्थान असण्याचे कारण नव्हते.

तात्पर्य, अमेरिकेतील लुसिया ही जहाजातील पेटीतून आलेली नाही. ती नंतर आली, आणि ती आधुनिक, वृत्तपत्रीय, राजधानीतील स्वीडनकडून आली. डेलावेअर नदीकाठच्या १६३८ च्या स्वीडिश वसाहतीची त्रिशताब्दी १९३८ मध्ये राजपुत्रांच्या उपस्थितीत साजरी झाली, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा वंशाभिमान जागृत झालेला होता. कॅन्ससमधील लिंड्सबोर्ग गावाचा 'स्वेन्स्क ह्यूल्निंग्सफेस्ट' हा स्मरणोत्सव १९४१ मध्ये सुरू झाला. मिनेसोटातील गुस्तावस अडॉल्फस महाविद्यालयाचा लुसिया-उत्सवही १९४१ पासूनचा. घरातून स्वीडिश भाषा मागे पडत चालली होती त्याच काळात हे उत्सव उभे राहिले, हा योगायोग मानता येणार नाही. भाषा जाते तेव्हा वेष, गाणे आणि खाद्यपदार्थ यांवर अधिक भार पडतो. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील तिसऱ्या पिढीस आरती तोंडपाठ असते, मराठी संभाषण मात्र जमत नाही, हा अनुभव येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

हॉब्सबॉम व रेंजर यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'परंपरेच्या निर्मिती'ची संकल्पना येथे सहज लागू पडते, परंतु तेवढ्यावर थांबणे प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही. निर्मित परंपरा म्हणजे खोटी परंपरा, असा तिचा सवंग अर्थ आपल्याकडील चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येतो. मिनेसोटातील महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनींतून सहाध्यायांच्या मतांनी, सेवाभाव व चारित्र्यबळ पाहून लुसिया निवडण्याची प्रथा रूढ झाली. स्टॉकहोमच्या १९२७ च्या निवडीस सौंदर्यस्पर्धेची छटा होती. त्या तुलनेत हा बदल लहान नाही. स्वीकारणारा समाज केवळ अनुकरण करीत नाही, तो दुरुस्तीही करतो.

कोण लुसिया होऊ शकते, हा प्रश्न मायदेशातही मिटलेला नाही. २०१६ मध्ये एका स्वीडिश दुकानसाखळीने सावळ्या वर्णाच्या बालकास लुसियाच्या वेषात दाखविणारी जाहिरात केली आणि वर्णद्वेषी शेरेबाजीनंतर ती मागे घेतली. परदेशातील मंडळांत, जेथे मिश्र विवाहांची संतती सर्रास मिरवणुकीत असते, तेथे सुवर्णकेशी लुसियेचा आग्रह धरल्यास मिरवणूकच निघणार नाही.

संध्येचे व्यवस्थापन

परदेशातील बदल काही वेळा अगदी व्यावहारिक असतात. मूळ विधी पहाटेचा; परदेशात तो बहुधा संध्याकाळी, आणि १३ तारखेऐवजी जवळच्या शनिवारी-रविवारी होतो, कारण सभागृह तेव्हाच मिळते आणि माणसेही तेव्हाच मोकळी असतात. मेलबर्नमध्ये त्या दिवसांत सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो. अंधारासाठी पडदेच ओढावे लागतात. स्वीडिश चर्चच्या परदेशातील शाखा, १८९६ मध्ये न्यू हेवन येथे स्थापन झालेली 'वासा ऑर्डर' आणि १९७९ मध्ये लॉस एंजेलिस येथे आग्नेता निल्सन यांनी स्थापन केलेली 'स्वेआ' ही स्त्रियांची संघटना, असे या उत्सवांचे आधार राहिले आहेत. पाव भाजणे, झगे शिवणे व मुलांकडून गाणी बसवून घेणे हा श्रम बहुतांशी स्त्रियांचाच. समाजाच्या इतिहासलेखनात त्याची नोंद अत्यल्प सापडते.

एक शेवटचे उदाहरण. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात स्वीडिश स्थलांतरित मोठ्या संख्येने वसले. सिसिलीतील कार्लेन्तिनी गावचे लोकही तेथे आले. या सिसिलियन मंडळींनी १९२५ मध्ये सांता लुसियेचा उत्सव सुरू केला. तो उन्हाळ्यात होतो, त्यात संतेची मूर्ती रस्त्यांतून मिरविली जाते. एकाच शहरात, एकाच नावाने, दोन समाजांनी वर्षाच्या दोन टोकांना दोन उत्सव मांडले: एकाची लुसिया वेदीवरील मूर्ती आहे, दुसऱ्याची शेजारच्या घरातील मुलगी.