मोरस साखर आणि तिकडं गेलेली आपली माणसं



मळमड्डीतल्या जुन्या घरांत एक शब्द हमखास कानावर पडायचा, 'मोरस'. आमची अज्जी बारीक पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायची. चहाला ती चालायची, पण सोवळ्यातल्या नैवेद्याला नाही, तिथं गूळच. परदेशी साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात असं जुनी माणसं म्हणत, आणि युरोपातल्या कारखान्यांपुरतं ते खरंही होतं. मोरस म्हणजे मॉरिशस. बिहारी मजूर त्याच बेटाला मिरिच म्हणत. गुजरातीत तर मोरस हा साखरेलाच शब्द होऊन बसला.

हे बेट केवढं? सगळा देश मिळून सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या धारवाड जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, आपल्या जुळ्या शहरांपेक्षा थोडी जास्त. एवढ्याशा देशाला पिकवलेलं सगळं घरात खपवणं शक्यच नाही. विकायचं तर समुद्रापलीकडंच, आणि पलीकडचं गिऱ्हाईक कोण, यावर तिथल्या माणसाचं ताट ठरणार.

गुलामगिरी बंद होत आली तेव्हा 1834 च्या नोव्हेंबरात 'ॲटलास' जहाजातून कलकत्त्याहून करारावरचे मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढं जवळजवळ साडेचार लाख माणसं गेली. बहुतेक बिहारकडची आणि तमिळ मुलखातली, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची आपली माणसं होती. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचे. हिशेबाच्या वह्यांत जन्म गेलेला माणूस आहे मी, पण असली वजावट कुठं बघितली नाही.

त्यांनी तोडलेल्या उसाची साखर गेली कुठं? बरीचशी उलट आपल्याकडंच आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसच्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं. इकडून तांदूळ आणि माणसं जायची, तिकडून साखर यायची. व्यवहार इतका दाट की 1876 साली तिथं रुपया हेच चलन ठरलं. आजही त्यांच्या चलनाचं नाव रुपयाच आहे आणि 1934 पर्यंत तो आपल्या रुपयाला बांधलेला होता. बँकेत मला ही गोष्ट कुणी सांगितली नाही, निवृत्तीनंतर वाचनात आली.

जर्मनी-ऑस्ट्रियाची बीटची साखर त्यांच्या सरकारी बक्षिसीच्या जोरावर स्वस्तात येऊ लागली, तेव्हा 1899 साली कर्झनच्या सरकारनं तिच्यावर जादा जकात बसवली. त्याचा फायदा मोरसला झाला. पुढं 1905 ची स्वदेशी आली. विलायती कापडाबरोबर परदेशी साखरही नको, अशी हाक उठली. हाक योग्यच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या साखरेला आपण परदेशी म्हणून शिवत नव्हतो, तिच्यामागं कोकणातून गेलेल्या माणसांचे हात होते, हे किती घरांत ठाऊक असेल?

मोरसला बाजारातून हटवलं ते मात्र जावाच्या स्वस्त साखरेनं. 1919 साली इंग्लंडनं साम्राज्यातल्या मालाला जकातीत सवलत दिली आणि मॉरिशसच्या साखरेनं तोंड लंडनकडं फिरवलं. 1932 साली आपल्याकडं साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला, देशी कारखाने भराभर उभे राहिले आणि हे दुकान मिटलं.

1968 साली मॉरिशस स्वतंत्र झालं. 1975 साली युरोपशी साखरेचा करार ठरत होता तेव्हा जगात साखर भलतीच महाग होती. ठरावीक भावाला कोण बांधून घेणार, म्हणून काही देश कचरले. मॉरिशसनं मात्र एकूण तेरा लाख टनांपैकी पाच लाखांहून जास्त कोटा पदरात पाडून घेतला. जागतिक भाव लवकरच कोसळले आणि पुढची तीस वर्षं बहुतेक काळ त्यांना बाजारापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळाला. याला म्हणतात सौदा!

तरीही कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही पहिल्यांदा बघत असू, माल कुणाला जातो? एकच गिऱ्हाईक असेल तर तिथं तांबडी पेन्सिल. 1970 पासून त्यांनी कपडे शिवायचे कारखानेही काढले होते. स्वतःचा कापूस नाही, लोकर नाही, तरी स्वेटर आणि शर्ट जगभर. पण तेही मुख्यतः युरोप-अमेरिकेकडंच. 2005 च्या सुरुवातीला कापडाचे आंतरराष्ट्रीय कोटे संपले, हाँगकाँगचे मालक निघून गेले, हजारो बायकांचं काम गेलं. लगोलग 2006 ते 2009 मध्ये युरोपनं साखरेचा भाव 36 टक्क्यांनी उतरवला. एकेकाळी सात लाख टनांवर गेलेलं साखरेचं उत्पादन आज तीन लाखांच्याही खाली आहे.

मग शेजारी आठवले. आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघांत मॉरिशस होतंच. आता तिथले कपडे दक्षिण आफ्रिकेत मोठ्या प्रमाणात विकले जातात, मादागास्कर आणि केनियाकडंही माल जातो. मजुरी परवडेना म्हणून काही कारखानदारांनी मादागास्करमध्येच शिवणकाम हलवलं. गिऱ्हाईक गरीब, त्यामुळं भाव कमी. पण माझ्या मते दहा लहान गिऱ्हाइकं एका श्रीमंत गिऱ्हाइकापेक्षा बरी, निदान सगळी एकाच दिवशी दार लावत नाहीत.

1 एप्रिल 2021 पासून भारताशीही त्यांचा व्यापार करार लागू आहे. त्यांच्या 615 वस्तूंना आपल्याकडं सवलत आहे: गोठवलेले मासे, बिस्किटं, साबण, कपडे, आणि हो, खास प्रकारची साखरसुद्धा. बेळगाव-बागलकोटकडं उसाचे ट्रक रस्ता अडवून उभे असतात आणि आपण साखर आणणार, याचं हसू येतं खरं. पण ती साधी साखर नव्हे, तपकिरी, काकवीचा वास राखलेली, मोठ्या शहरांतल्या बेकऱ्यांना लागते ती.

तिकडच्या मराठी घरांत आज चौथी-पाचवी पिढी आहे. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी अजून नाचली जाते. आपल्या ग्रुपवर मूळ रत्नागिरी-सावंतवाडीकडची बरीच घराणी आहेत. कुणाच्या वंशावळीत 'मोरसला गेला, परत आला नाही' अशी नोंद किंवा नुसती ऐकीव गोष्ट असेल तर खाली जरूर लिहा. गाव आणि साधारण साल आठवलं तर तेही.