जुना गेम ठेवायचा की नवा आणायचा?



फ्रीज, मिक्सर, धुलाईयंत्र कधी बदलायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आवाज बदलला, वीजबिल वाढलं, दुरुस्तीवाला तिसऱ्यांदा येऊन गेला की आपण समजतो. पण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचं तसं नाही. ते धडधाकट चालत असतं आणि नातू म्हणतो, ‘आजी, हे जुनं झालं.’ आमच्या घरात हा विषय दिवाळीपासून चालू आहे. यंत्र दहा वर्षांचं आहे. नव्याची किंमत पन्नास हजारांच्या पुढे. घरात इतका खर्च करायचा तर मला आधी त्या वस्तूची कुळकथा माहीत हवी, ही माझी बी. कॉम.च्या दिवसांपासूनची खोड. म्हणून महिनाभर वाचलं, मुलाला आणि सुनेला प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडते. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात हाच वाद चालू असणार.

निन्टेंडो हे नाव मुलांच्या तोंडी ऐकलं असेल. ही कंपनी 1889 साली जपानमधल्या क्योतो शहरात सुरू झाली, आणि तिचा पहिला माल होता हाताने बनवलेले पत्ते. फुलांची चित्रं असलेले 48 पत्ते. हे वाचलं तेव्हा मला आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या. त्या गोल, लाखकामाच्या. दशावतारी संचात दहा अवतारांचे बारा-बारा असे 120 पत्ते. सावंतवाडीचे चितारी आजही गंजिफा रंगवतात, आणि क्योतोचे पत्तेवाले मात्र शंभर वर्षांच्या आत जगभरच्या टीव्हीत शिरले. गंजिफा जुनी झाली म्हणून दुसरी घ्या, असं सावंतवाडीत कुणी कधी म्हटलं नसेल. पत्ता फाटेपर्यंत खेळ चालायचा. हे ‘चालतंय पण जुनं झालं’ प्रकरण टीव्हीच्या खेळाबरोबर आलं.

टीव्हीला जोडून खेळायचं पहिलं घरगुती यंत्र 1972 साली अमेरिकेत विक्रीला आलं, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरची ही कल्पना. पडद्यावर दिसायचे फक्त पांढरे ठिपके आणि रेघ. बाकीचं चित्र म्हणजे टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा रंगीत प्लास्टिकचा कागद! 1977 मध्ये अटारीचं यंत्र आलं, त्यात खेळाची कॅसेट बदलता यायची. मग खेळांचं इतकं अमाप पीक आलं की 1983 मध्ये अमेरिकेतला तो बाजार कोसळला. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत खड्डा खणून पुरल्या गेल्या. कित्येकांना ती दंतकथा वाटायची, पण 2014 साली खणून पाहिलं तेव्हा त्या खरंच निघाल्या.

त्याच 1983 साली, जुलैमध्ये, निन्टेंडोने जपानात फॅमिकॉम आणला. किंमत 14,800 येन. हे यंत्र आपल्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त या नावाने नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे समुराई, मीडिया अशा नावांनी जे टीव्ही गेम मिळायचे, ते याच यंत्राचे भाऊबंद. मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीने बदकं मारायचा तो खेळ (तो माझ्या सासूबाईंनी घरात बंद पाडला होता, चित्रातली का असेनात, बदकंच ती), आणि ‘9999 इन 1’ लिहिलेली कॅसेट, ज्यात मोजून वीस-पंचवीस खेळ आणि पुढे तेच ते पुन्हा. कॅसेट चालली नाही की मुलं तिच्यात फुंकर मारायची. माझा थोरला आजही सांगतो, फुंकर मारल्याशिवाय खेळाला मजा नव्हती.

आता तारखा बघा. जपानात 1983, आणि आपल्याकडे ते घराघरांत पोहोचलं नव्वदच्या दशकात. कारण आपण सगळ्यांनी जगलेलं आहे. परदेशी वस्तूला परवाना लागायचा, जकात जबर होती, 1991 मध्ये तर देशाला परकीय चलनासाठी सोनं गहाण ठेवावं लागलं. अशात मुलांच्या खेळण्यासाठी डॉलर कोण देणार? सेगा कंपनीचं यंत्र 1995 मध्ये भारतात अधिकृतपणे आलं ते शॉ वॉलेसमार्फत, किंमत 18,000 रुपये. शॉ वॉलेस म्हणजे मद्याच्या धंद्यातली बडी कंपनी! त्या वेळी 18,000 म्हणजे आमच्या ह्यांचा कित्येक महिन्यांचा पगार. नक्कल केलेली यंत्रं का खपली, याचं वेगळं उत्तर शोधायला नको. 1 एप्रिल 2001 ला आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनं उठली आणि मग दुकानांच्या काचेआड खरी यंत्रं दिसू लागली.

त्यानंतर अंतर कसं कमी होत गेलं पाहा. सोनीचं प्लेस्टेशन 3 परदेशात नोव्हेंबर 2006 मध्ये आलं, भारतात एप्रिल 2007 मध्ये. प्लेस्टेशन 4 परदेशात नोव्हेंबर 2013, इथे जानेवारी 2014. प्लेस्टेशन 5 नोव्हेंबर 2020, इथे 2 फेब्रुवारी 2021. पूर्वी एक पिढी मागे असणारे आपण आता दोन-तीन महिने मागे. नातवाला ‘जुनं झालं’ हे जपानातल्या मुलाइतकंच लवकर कळतं, त्याचं कारण हे आहे. त्याच्या बापाला ते कळायला दहा वर्षं लागली असती, आणि तोवर तो कॉलेजात गेला असता.

पण नवं लवकर येतं म्हणून जुनं लवकर मरतं का? इथे इतिहास वेगळंच सांगतो. फॅमिकॉमचं उत्पादन निन्टेंडोने 2003 पर्यंत चालू ठेवलं, आणि जपानात त्याची दुरुस्ती 2007 पर्यंत करून दिली. चोवीस वर्षं! प्लेस्टेशन 2 मार्च 2000 मध्ये आलं आणि त्याचं उत्पादन थांबल्याचं सोनीने जाहीर केलं जानेवारी 2013 मध्ये. पंधरा कोटींहून जास्त यंत्रं खपली. आपल्याकडे तर त्याचा संसार फारच लांबला. 2009 मध्ये, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावर, हैदराबादेत त्याच्यासाठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ तयार झाला, आणि त्याच सुमारास विटीदांडू-कबड्डीचा ‘देसी अड्डा’. अमेरिकेत 2000 मध्ये 299 डॉलरला मिळणारं ते यंत्र 2009 मध्ये 99 डॉलरला मिळत होतं. गरिबाघरची मुलं अशीच खेळली, थांबून.

मी पण हेच धरून बसले होते की थांबलं की स्वस्त होतं. पुस्तकात शिकलेला घसारा. पण आकडे पाहिल्यावर हा नियम आता चालत नाही असं दिसलं. प्लेस्टेशन 3 भारतात 39,990 ला आलं, सात वर्षांनी प्लेस्टेशन 4 सुद्धा 39,990 लाच. प्लेस्टेशन 5 आलं 49,990 ला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तेच यंत्र 54,990 झालं. उतरायच्या ऐवजी चढलं. 2025 मध्ये अमेरिकेतही 50 डॉलरने वाढलं. मधल्या काळात आपल्याकडे गेमच्या यंत्रांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला होता (1 जानेवारी 2019 पासून), तरीही ही तऱ्हा. तेव्हा ‘पुढच्या वर्षी स्वस्त होईल तेव्हा घेऊ’ हे नातवाला सांगायचं असेल तर जपून सांगा, तो आकडे काढून दाखवेल.

आता या सगळ्यातला आपल्या कामाचा भाग. नवं यंत्र जुना खेळ ओळखतं की नाही? निन्टेंडोचं 1990 चं नवं यंत्र फॅमिकॉमच्या कॅसेटी घेत नव्हतं. घरात साठवलेल्या सगळ्या कॅसेटी त्याच्यापुरत्या वाया. सोनीने 2000 मध्ये उलट केलं, नव्या यंत्रात जुन्या डिस्क चालू दिल्या, आणि वर डीव्हीडीवर सिनेमाही दाखवला. प्लेस्टेशन 3 च्या सुरुवातीच्या यंत्रांत ही सोय होती, नंतरच्या यंत्रांतून काढून टाकली. प्लेस्टेशन 4 मध्ये 3 च्या डिस्क चालत नाहीत. प्लेस्टेशन 5 मध्ये 4 चे बहुतेक सगळे खेळ चालतात. म्हणजे कंपनीच्या मर्जीवर आहे, दर पिढीला निराळं. मला विचाराल तर किमतीच्या आधी दुकानदाराला हाच प्रश्न विचारायचा.

दुसरी गोष्ट डिस्कची. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की नव्या एक्सबॉक्सवर वापरलेल्या डिस्क विकण्या-देण्यावर बंधनं येतील. इतका गदारोळ झाला की जूनमध्येच त्यांना ते मागे घ्यावं लागलं. आता बंधन घालावं लागत नाही, कारण डिस्कची खाचच नसलेली यंत्रं विकतात. ती स्वस्त असतात आणि आपण हिशेबी बायका तिथेच फसू शकतो. आमच्या गल्लीतली चार मुलं चार डिस्क आणतात आणि सोळा खेळ खेळतात. खाच नसेल तर प्रत्येकाने प्रत्येक खेळ स्वतंत्र विकत घ्यायचा, तोही कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून. आणि दुकान बंद पडलं तर? निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं मार्च 2023 मध्ये बंद केली. नवीन खरेदी थांबली. कपाटातल्या डिस्कला असं कुलूप लागत नाही.

आमच्या घरातली अडचण मात्र पैशाहून वेगळी होती. थोरला मुलगा पुण्याला गेल्यापासून दोन्ही चुलतभावांची भेट वर्षातून तीनदा होते. पण शनिवारी रात्री नऊ ते दहा दोघं फुटबॉलचा खेळ खेळतात, एक कोल्हापुरात, एक पुण्यात, कानाला हेडफोन लावून. त्या तासात खेळाहून गप्पाच जास्त. पुण्याच्या नातवाला वाढदिवसाला नवं यंत्र मिळालं आणि शनिवार बंद पडला. नव्याचा खेळ आणि जुन्याचा खेळ एकमेकांना जोडला जाईना. इकडचा हट्ट ‘मला नवं पाहिजे’ असा ऐकू येत होता, पण रडणं त्याचं नव्हतं, शनिवारचं होतं. हे माझ्या धाकट्या सुनेने ओळखलं.

जुनं यंत्र आधी उघडून बघू, असं ठरलं. आपलं कोल्हापूर यंत्र उघडून बघणाऱ्यांचं गाव. बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये इथेच स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला त्याचं स्मारक आहे. आमच्या दुरुस्तीवाल्या पोराने पंखा काढला तेव्हा आतून दहा वर्षांची धूळ निघाली, गोधडीसारखी. साफ केलं, आतली वाळलेली पेस्ट बदलली, आवाज निम्मा झाला. खर्च हजाराच्या आत.

मग मी सुनेला विचारलं, नवं यंत्र जुना खेळ ओळखतं ना? मग पुण्याच्याने त्याच्या यंत्रावर जुन्या यंत्राची आवृत्ती लावली तर? त्याचं यंत्र बिनखाचेचं, इथली डिस्क पाठवून उपयोग नव्हता. पण त्याने ऑनलाइन घेतलेल्या खेळाबरोबर जुन्या यंत्राची आवृत्तीही मिळालेली होती, ती फक्त उतरवून घ्यायची राहिली होती. एक पैसा न लागता शनिवार चालू झाला. पुण्याचा थोडा कुरकुरला, चित्र कमी छान दिसतं म्हणून. दुसऱ्या शनिवारी तेही विसरला.

तरी नवं कधीतरी घ्यावं लागेलच. यंत्र मोडून जात नाही, त्याच्यासाठी नवे खेळ यायचे थांबतात. प्लेस्टेशन 2 ला दरवर्षीचा फुटबॉलचा खेळ 2013 पर्यंत येत राहिला, तेरा वर्षं, आणि मग थांबला. आमच्या घरात ठरलं ते असं, की दरवर्षीचा हा खेळ जुन्या यंत्रासाठी यायचा थांबेल त्या वर्षी नवं घ्यायचं, आणि घेताना डिस्कची खाच असलेलंच. किंमत वाढणार हे धरून पोस्टात दरमहा अडीच हजारांची आवर्ती ठेव सुरू केली आहे. त्यातले पाचशे नातवाच्या सणावाराच्या पाकिटांतून. ही त्याचीच सूचना, माझी नाही.

ज्यांनी आधीच नवं घेतलं आहे त्यांच्यासाठी एवढंच. जुनं यंत्र कुणाला द्यायच्या आधी मुलाचं खातं त्यातून काढून घ्या, आणि त्याने खेळून साठवलेलं सगळं नव्यात उतरवून घ्या. माझ्या बहिणीच्या घरी यंत्र भाच्याला देऊन झाल्यावर हे आठवलं, आणि चार वर्षांचे जिंकलेले सामने त्याच्याबरोबर इचलकरंजीला गेले.