मागच्या चाकातून ऑइल गळतंय? एक्सलचं ऑइल सील कसं बदलतात, जाणून घ्या

लातूरच्या आडतीवर सोयाबीन-तुरीची पोती नेणारी पिकअप असो, की नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर मार्गावर रोज धावणारी जीप, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचे काळपट ओघळ दिसले, तर दुर्लक्ष महागात पडू शकतं. गळणारं सील स्वस्त असतं, पण त्यामुळे ब्रेक आणि डिफरन्शियल दोन्ही धोक्यात येतात.

सीलचं काम काय?

इंजिनची ताकद डिफरन्शियलमधून दोन एक्सलमार्फत मागच्या चाकांपर्यंत जाते. आतल्या क्राऊन-पिनियनला घट्ट गिअर ऑइल लागतं. गॅरेजवाले त्याला ‘क्राऊन ऑइल’ किंवा ‘नव्वद नंबर’ म्हणतात. हे ऑइल एक्सलच्या नळीतून चाकाकडे जाऊ नये, म्हणून टोकाला सील असतं. ते म्हणजे रबर चढवलेली लोखंडी कडी. तिची पातळ रबरी कड बारीक स्प्रिंगमुळे फिरत्या एक्सलला चिकटून राहते.

ते गळतं का?

वय आणि उष्णतेमुळे रबर कडक होतं. बेअरिंग ढिलं झालं की एक्सल हलतो आणि सीलची कड झिजते. आणखी एक कारण सहसा लक्षातच येत नाही. ते म्हणजे ब्रीदर, हाऊसिंगवरचं हवा जाण्याचं छोटं तोंड. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावरच्या काळ्या मातीने ते बुजलं, तर तापलेल्या हाऊसिंगमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर पडतं. अशा वेळी नुसतं सील बदलून उपयोग नसतो.

गिअर ऑइल की ब्रेक ऑइल?

गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं. ते गळत असेल, तर बोनेटखालच्या डबीतली पातळी उतरते.

धोका कुठे?

ऑइल ड्रममध्ये शिरून लायनरवर गेलं की ते चाक नीट थांबत नाही आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. दुसरीकडे ऑइल कमी होत गेलं, तर क्राऊन-पिनियन जळू शकतात.

बदलतात कसं?

जीप-पिकअपमध्ये साधारण हा क्रम असतो. अवजड ट्रकची रचना वेगळी असते.

१. गाडी सपाट जागी लावून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, खाली स्टँड हवाच.
२. हँडब्रेक सोडून चाक आणि ड्रम काढतात. ऑइल रिकामं करतात.
३. ब्रेक प्लेटचे नट काढून एक्सल सरळ बाहेर ओढतात. काही गाड्यांत बेअरिंग एक्सलवर दाबून बसवलेलं असतं. ते काढायला प्रेस लागतं.
४. जुनं सील काढताना त्याच्या बैठकीवर ओरखडा पडू द्यायचा नाही.
५. सील घासतं तिथे एक्सलवर बोट फिरवून पाहतात. नखाला खाच लागली, तर नवं सीलही गळेल.
६. नव्या सीलच्या कडेला ऑइल लावतात. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, म्हणजे आत ठेवून योग्य मापाच्या नळीने ते चारही बाजूंनी सारखं ठोकतात.
७. एक्सल आत घालताना त्याच्या दात्यांनी सीलची कड कापली जाणार नाही, हे पाहतात.
८. ब्रीदर साफ करून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरतात. बहुतेक गाड्यांत ते भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं, त्याहून जास्त नको.

लायनर धुऊन चालतील?

नाही. शोषलेलं ऑइल पेट्रोलने धुतलं तरी पूर्ण निघत नाही, ब्रेक तापले की पुन्हा वर येतं. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक असमान लागतात.

काम झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासावेत. थोडी गाडी चालवून चाकाची आतली बाजू पुन्हा पाहावी. ती कोरडी असेल, तरच माल भरावा.