कानी न पडलेली तंबी

इंग्रजी घरात पोरांनी दंगा मांडला, की वडील त्यांना ‘रायट ॲक्ट वाचून दाखवतात’. आपण जिला शेवटची तंबी म्हणतो, तीच ही. आज हे शब्द हसत वापरले जातात. पण एके काळी त्यांच्यामागे फाशीचा दोर होता.

‘रायट ॲक्ट’ म्हणजे दंग्याचा कायदा. पहिल्या जॉर्ज राजाच्या कारकीर्दीत, १ ऑगस्ट १७१५ पासून तो अमलात आला. १२ किंवा अधिक माणसे दंग्यासाठी जमली, की मॅजिस्ट्रेटने राजाची आज्ञा मोठ्याने वाचायची. त्यानंतर तासाभरात जो पांगणार नाही, त्याला देहान्त शिक्षा. आणि पांगवताना कोणी मेले, तर मारणाऱ्याला दोष नाही! मजकूर ठरलेला. ‘ईश्वर राजाचे रक्षण करो’ हे शेवटचे शब्द गाळल्यामुळे शिक्षा रद्द झाल्याचेही उदाहरण आहे.

शब्दांची एवढी काळजी, पण ऐकणाऱ्यांची? १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सुमारे ६०,००० माणसे जमली. एवढ्या मोठ्या शहराला पार्लमेंटात स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. तो हक्क मागायला लोक बायकामुलांसह आले होते. मॅजिस्ट्रेटांचे म्हणणे, आम्ही जवळच्या घरातून ॲक्ट वाचला. त्या गर्दीत तो ऐकणार कोण? तास भरण्याआधीच घोडेस्वार तलवारी उपसून घुसले. दहाहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली.

पुढे शंभर वर्षांनी हाच प्रश्न आपल्या देशात रक्ताने लिहिला गेला. १३ एप्रिल १९१९ रोजी सकाळी जनरल डायरने अमृतसरात दवंडी पिटवून सभाबंदी जाहीर केली. शहराच्या कितीतरी भागांत ती पोचलीच नाही. संध्याकाळी जालियनवाला बागेत त्याने एका शब्दाचीही सूचना न देता गोळ्या झाडल्या. बाहेर पडायच्या वाटा अरुंद. सरकारी आकड्यानेच ३७९ माणसे मेली. सूचना दिली नाही, याबद्दल हंटर समितीनेही डायरला दोष दिला.

विसाव्या शतकात रायट ॲक्ट इंग्लंडच्या कायद्यातून कायमचा गेला. मागे उरला तो वाक्प्रचार. आपल्याकडचा दवंडीवाला आधी ढोल बडवी, माणसे दाराशी आली की मगच तोंड उघडी. त्या अडाण्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: तंबी वाचून पुरी होत नाही. ती कानी पडावी लागते, आणि ऐकणाऱ्याला निघून जायला वेळ आणि वाट असावी लागते. नाही तर ती तंबी नव्हे, नुसती सबब!