काळ्या काचेची गोष्ट

भाईंदरच्या मिठागरांना ऊन लागते आणि मोटारीला सावली. या दोन्ही गोष्टी एकाच गावात नांदू लागल्या, तेव्हापासून आमच्याकडच्या काळ्या काचांचा इतिहास सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही.

१९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्ये पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुंबईत जागा न परवडणारा गिरगाव-परळचा, अंधेरी-मालाडचा माणूस विरार लोकल पकडून इथे आला. मीही त्यातलाच. आधी घर झाले आणि घराचे हप्ते जरा हलके झाल्यावर कर्जावर गाडी. पण जुन्या तीन-चार मजली इमारती बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते, की या वन-रूम-किचनमधली माणसे उद्या मोटार घेतील. त्यामुळे गाड्या उभ्या राहिल्या त्या रस्त्याच्या कडेला, उघड्यावर. मे महिन्यात दुपारी दार उघडले की भट्टीचे तोंड उघडल्यासारखे वाटायचे. स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने संध्याकाळी घरी यायचे म्हणजे सगळा रस्ता पश्चिमेला तोंड करून. फाउंटन हॉटेलचा नाका येईपर्यंत सूर्य डोळ्यांतच बसलेला. तेव्हा गाडी घेतली, की पेढ्यांच्या पाठोपाठ काचांना फिल्म लावणे हा जणू संस्कारच होता.

त्याआधी काय होते? फियाटला पुढच्या दारात ती छोटी तिकोनी काच असायची, ती वळवली की वारा थेट अंगावर. सीटवर टर्किशचा टॉवेल. साहेबांच्या ॲम्बेसेडरला मागच्या बाजूने पांढरे पडदे, तारेत ओवलेले. हे पडदे लक्षात ठेवा. उन्हापासून बचाव हे त्यांचे निमित्त होते. आत कोण बसले आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कळू नये, हा खरा मान होता. पुढे पडद्याची जागा काळ्या काचेने घेतली, तेव्हा तो मानही काचेबरोबर आला.

ही फिल्म आली कुठून, याची गोष्ट मोठी रंजक आहे. तिचा मूळ पदार्थ पॉलिएस्टर. इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा रसायनतज्ज्ञांनी १९४१ साली तो शोधला, तो कापडासाठी. टेरिलिन म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीने त्याच्या विजारी वापरल्या. त्याच पदार्थाचा पातळ, पारदर्शक, चिवट पापुद्रा करता येतो हे लवकरच लक्षात आले. काचेवर चिकटवून ऊन अडवणाऱ्या फिल्मचे पेटंट १९६६ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीला मिळाले. तेव्हा डोळ्यांसमोर मोटारी नव्हत्या, काचेच्या मोठमोठ्या इमारती होत्या. १९७३ नंतर तेल महागले, इमारती थंड ठेवायचा खर्च वाढला आणि या फिल्मला दिवस आले.

आणि आपल्याकडे ती रुजवली ती एका मराठी माणसाने, हे किती जणांना ठाऊक असेल? तासगावचे भालचंद्र दिगंबर ऊर्फ आबासाहेब गरवारे. जन्म १९०३ चा. उद्योगाची सुरुवात मुंबईत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीतून. तिथून प्लॅस्टिक, नायलॉन आणि पॉलिएस्टर फिल्म. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९९० साली ते गेले. त्यांच्या घराण्याच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांतून निघालेली सनफिल्म देशात तर खपलीच, पण परदेशांतल्या मोटारींवरही जाऊन बसली. ज्या माणसाने मोटारी विकून धंद्याचा श्रीगणेशा केला, त्याच्याच कारखान्याचे नाव पुढे मोटारीच्या काचेशी जोडले गेले, हा योगायोग मला फार आवडतो.

आता कायद्याकडे वळू. १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ साली अमलात आला आणि त्याखाली केंद्रीय नियम झाले. त्यातला नियम १०० काचेविषयी आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. इतकेच. पण हे मोजायचे कशाने? चौकातल्या हवालदाराकडे मीटर नव्हता. दुकानदार सांगायचा, ‘साहेब, ही चालते.’ गिऱ्हाईक मान डोलवायचे. नव्वदच्या दशकात आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत काच जितकी काळी तितकी गाडी रुबाबदार, असा हिशेब झाला होता. नगरसेवकाची काळी, म्हणून कार्यकर्त्याची काळी, म्हणून कार्यकर्त्याच्या मेव्हण्याची काळी. लाल दिव्याचेही तसेच झाले होते. तो १ मे २०१७ पासून गेला. काळी काच त्याच्या पाच वर्षे आधी गेली.

ती कशी गेली ते सांगतो. अविषेक गोयंका यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. गुन्हे करणारे काळ्या काचांचा आडोसा घेतात, अपहरण आणि अत्याचार त्या काचांआड होतात, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्यायमूर्ती ए. के. पटनाईक आणि न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्यापुढे सुनावणी झाली आणि २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल लागला. सगळ्यांची अपेक्षा होती की ७० आणि ५० टक्क्यांचा नियम कडक पाळा, एवढेच न्यायालय सांगेल. न्यायालय त्याच्या पुढे गेले. नियमात जो उजेडाचा आकडा आहे तो कारखान्यातून येणाऱ्या काचेचा आहे, तिच्यावर बाहेरून काही चिकटवायला नियमात जागाच नाही, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणजे फिल्म काळी असो की पाण्यासारखी स्वच्छ, चिकटवायचीच नाही. ४ मे २०१२ पासून अंमल. पोलिसांनी पावती फाडायची आणि फिल्मही उतरवायची. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना तेवढी मोकळीक ठेवली.

फिल्म बनवणारे आणि विकणारे पुन्हा न्यायालयात गेले. ३ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायालयाने आधीचा अर्थ कायम ठेवला. काच मुळातच रंगीत घडवली असेल आणि आकड्यात बसत असेल तर चालेल. वरून चिकटवलेली नाही.

काशिमीऱ्याच्या बाजूला हायवेलगत ॲक्सेसरीजच्या दुकानात काम करणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा आहे. त्या दिवसांबद्दल तो म्हणाला, ‘काका, मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे रांग लागली होती. लावायला नाही, काढायला. पंधरा वर्षं लावलं ते आठ दिवसांत खरवडून काढलं. नंतर दुकानात बसून माश्या मारल्या.’ पुढे तो सीटकव्हर शिवू लागला. निकालाच्या बाजूने आणि विरोधात तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, पण हातात कटर आणि रबरी पट्टी घेऊन पोट भरणाऱ्या या माणसांचा उल्लेख मला कुठे वाचल्याचे आठवत नाही. फिल्म लावणे हे काही वहीला कव्हर घालण्याइतके सोपे काम नाही. काच आधी साबणाच्या पाण्याने धुवून पात्याने खरवडतात, कारण एक धुळीचा कण राहिला तरी तिथे कायमचा फोड. मोटारीची काच दोन्ही दिशांनी वळलेली असते, फिल्म मात्र सपाट. म्हणून ती आधी काचेच्या बाहेरच्या अंगाला पसरून गरम हवेच्या गनने आकसवतात, काचेचा बाक तिच्यात उतरवतात, मग मागचा कागद सोडवून, पाणी मारून आतून बसवतात. पट्टीने पाणी मधून कडेकडे काढत न्यायचे. त्यानंतर दोन-तीन दिवस काच खाली करायची नाही. मागच्या काचेवरून जुनी फिल्म काढताना तर जीव मुठीत धरावा लागतो. घाई केली तर धुके घालवणाऱ्या त्या बारीक तारा फिल्मबरोबरच निघून येतात.

त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत ती भीषण घटना घडली. त्या बसला काळ्या काचा होत्या आणि पडदेही होते. त्यानंतर वाद मिटायला हवा होता. पण आमच्या इमारतीतली एक मुलगी अंधेरीत रात्रपाळी करून एकटी गाडी चालवत येते. तिचे म्हणणे वेगळे आहे. ती म्हणाली, ‘काका, सिग्नलला शेजारी बाईक थांबते आणि दोघं आत वाकून बघतात. मी एकटी आहे हे त्यांना दिसतं. मला काळी काच हवी आहे ती लपायला नाही, जपायला.’ यावर पटकन उत्तर देता येत नाही. न्यायालयाने विचार केला तो काळ्या काचेआड अडकलेल्या बाईचा, आणि ही बाई काळ्या काचेआड सुरक्षित राहू पाहते. माझे स्वतःचे मत उघड्या काचेच्या बाजूचे आहे. संकट आलेच, तर बाहेरच्याला दिसणे हीच पहिली मदत असते. शिवाय पावसाळी रात्री वरसाव्याच्या पुलावर काळ्या काचेतून आरशात बघून वळणे म्हणजे डोळे मिटून वळणे. तिला हे पूर्ण पटलेले नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही पटले नसते.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट हरवली. काळी काच आणि थंड गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेपैकी डोळ्यांना दिसणारा उजेड अर्ध्याहून कमी असतो. निम्म्याच्या आसपास भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, आणि थोडासा अतिनील किरणांचा. जुनी स्वस्त फिल्म म्हणजे रंगवलेला पापुद्रा. ती उजेड अडवायची, स्वतः तापायची आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडायची. दोन-चार उन्हाळ्यांत जांभळी पडायची ती हीच. पुढे धातूचा मुलामा दिलेली आली. ती ऊन परतवते, पण मोबाईलच्या आणि फास्टॅगच्या लहरींनाही त्रास देऊ शकते. सिरॅमिकच्या अतिसूक्ष्म कणांची फिल्म मात्र बरेचसे अवरक्त किरण अडवून उजेड पुष्कळसा आत येऊ देते. म्हणजे जवळजवळ पांढरी दिसणारी फिल्म काळ्याकुट्ट फिल्मपेक्षा गाडी अधिक थंड ठेवू शकते. अर्थात बंद गाडी दिवसभर उन्हात उभी असेल तर कोणतीही फिल्म तिचा फ्रीज करत नाही.

२०१२ नंतर आठ वर्षांनी नियमच बदलला. २०२० च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२१ पासून, नियम १०० मध्ये काचेच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला. भारतीय मानकानुसार आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेली काच त्यात बसते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच आधारावर सांगितले की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म असेल तर दंड करता येणार नाही. तिथे दाद मागणाऱ्यांत फिल्म बनवणारी कंपनी होती, दंड झालेला गाडीमालक होता आणि फिल्म लावणारा व्यावसायिकही होता. केरळचा निकाल महाराष्ट्रावर आपोआप बंधनकारक होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. मीरा-भाईंदर, वसई-विरारला २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. नाक्यावरचा अंमलदार तुम्हाला केरळचा निकाल वाचून दाखवू देईल, अशी आशा धरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात या प्रकारच्या गुन्ह्याला पहिल्या खेपेस ५०० आणि पुढे १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

तरीही कुणाला लावायचीच असेल, तर हिशेब नीट करावा. दुकानदार ‘सत्तर टक्केवाली’ म्हणतो तो आकडा नुसत्या फिल्मचा असतो, आणि नियमाला हवा असतो काच आणि फिल्म मिळून. हा गुणाकार आहे. बाजूच्या काचेतून मुळात १०० पैकी ७५ भाग उजेड येत असेल आणि तिच्यावर ७० ची फिल्म लावली, तर उरतात साडेबावन्न. नियमात बसते, तीही जेमतेम. ५० ची लावली तर साडेसदतीस, म्हणजे पावती नक्की. पुढच्या काचेतून ७५ येत असतील, तर ९० टक्के उजेड सोडणारी फिल्मही साडेसदुसष्टवर आणते, म्हणजे नियमाच्या खालीच. तेव्हा आधी तुमच्या गाडीची कोरी काच मीटरने मोजून घ्या आणि मग फिल्म निवडा.

तो कारागीर आता पुन्हा फिल्म लावतो. सीटकव्हरचे मशीन दुकानात कोपऱ्यात तसेच आहे. त्याने उजेड मोजायचा मीटर विकत घेतला आहे आणि प्रत्येक बिलावर काचेचा, फिल्मचा आणि दोन्ही मिळून असे तीन आकडे लिहून देतो. ते बिल गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, असे तो गिऱ्हाइकाला बजावतो.